दिवाळी शनिवारी केली तर चालेल का?

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेतली एक सून सध्या शिकागोजवळ राहते. तिनं लिहिलंय: "सासूबाई यंदा पहिल्यांदाच दिवाळीला आमच्याकडे आहेत. मुलांची शाळा, ह्यांचं ऑफिस, म्हणून आम्ही दिवाळी जवळच्या शनिवारी करतो. हे ऐकून त्या म्हणाल्या, 'ही दिवाळी नव्हे, पार्टी.' त्यात शेजाऱ्यांनी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या सुगीच्या सणाला, जेवायला बोलावलंय. त्या दिवशी गुरुवार, त्यांचा दत्ताचा उपास, आणि टेबलावर भाजलेला टर्की पक्षी. काय करू?"

अगं, सासूबाईंना राग आला असेल तर तो समजून घे. पण तुझंही काही चुकलेलं नाही. कशाला तिथी लागते आणि काय लांबवता येतं, हे आपल्याकडे आधीपासूनच ठरलेलं आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, चैत्रगौरीचं अक्षय्य तृतीयेपर्यंत. तुळशीचं लग्न कार्तिकी द्वादशीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कधीही लावतात. आणि फराळ? माझ्या माहेरी "अजून आला नाहीत फराळाला" हे तुळशीच्या लग्नापर्यंत ऐकू यायचं.

म्हणून नरकचतुर्दशीची अंघोळ, लक्ष्मीपूजन, पाडव्याची आणि भाऊबीजेची ओवाळणी ज्या त्या दिवशीच करा. मुलांना शाळेआधी उटणं लावायचं काम सासूबाईंकडे दे. माणसं, फराळ आणि गप्पा शनिवारी. तारीख मात्र तुमच्या गावच्या पंचांगावरून बघ. तिथी सगळीकडे एकाच क्षणी लागते, पण तुमच्याकडे सूर्य वेगळ्या वेळी मावळतो, त्यामुळे लक्ष्मीपूजन साताऱ्याच्या आदल्या तारखेलाही येऊ शकतं.

आणि किल्ला कराच. बाहेर थंडी असेल तर गॅरेजमध्ये, मोठ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. खाली रिकामी खोकी, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट. कुंडीची विकतची माती भुसभुशीत असते, ती एकटी टिकत नाही, त्यात थोडी चिकणमाती कालव. चार-पाच दिवस आधी वरून अळीव पेरलेत की दिवाळीपर्यंत हिरवंगार होतं. कुठला किल्ला करायचा, हे मुलांनी आजीला विचारू दे. त्या अजिंक्यताराच सांगतील. जन्मभर मान वर केली की समोर तोच. वरचं मंगळाईचं देऊळ कुठं बसवायचं, हे तुम्हा कुणापेक्षा त्यांना नीट माहीत असणार. गेल्या वर्षी माझ्या नातवाचा किल्ला मी इथून फोनवर पाहिला. "आजी, बुरूज बघ," म्हणत तो फोन इतका जवळ नेत होता की मला नुसती माती दिसत होती. त्या मातीत माझा हात नव्हता, ही हळहळ अजून जात नाही. तुझ्याकडे आजी प्रत्यक्ष आहे.

आता थँक्सगिव्हिंग. ते नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीच येतं, म्हणजे तुमच्या घरी त्या दिवशी उपास असणारच. तरी जा. पीक घरात आल्यावर चारचौघांनी मिळून जेवायचं, हे आपल्या नवान्नासारखंच आहे, सासूबाईंना समजवावं लागणार नाही. शेजारणीला आधीच स्पष्ट सांग की त्या मांस खात नाहीत आणि त्या दिवशी धान्यही खात नाहीत. संकोच करू नकोस, ऐनवेळी ताट तसंच राहिलं तर तिला जास्त वाईट वाटेल.

त्यांच्या टेबलावर रताळी असतात, आणि रताळी आपल्या उपासाला चालतात! फक्त त्यांच्या रताळ्यांवर बऱ्याचदा मार्शमेलो घालतात, आणि त्यात जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातला पदार्थ असतो. म्हणून आपले रताळ्याचे गोड काप करून न्या. केशरी रताळ्यांचा लगेच लगदा होतो, पांढऱ्या गराची मिळाली तर ती घे. बोटभर जाड चकत्या साजूक तुपात दोन्हीकडून परत, झाकण ठेवून मऊ होऊ दे, मग गूळ आणि वेलदोडा. काप सासूबाईंना करू दे, आणि शेजारणीच्या दारात डबाही त्यांच्याच हातात असू दे.