वाचकांचे प्रश्न : शिवडीचे रोहित आणि चार जणांची चार मते

प्रश्न : स. न. वि. वि. मी मुलुंडला राहते आणि एका बँकेत नोकरी करते. छंद म्हणून निसर्गाची व पक्ष्यांची छायाचित्रे काढते. यंदा फेब्रुवारीत, दुपार कलल्यावर, शिवडीच्या जेट्टीवरून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या थव्याचे एक छायाचित्र घेतले. त्याची प्रत सोबत पाठवत आहे. खालच्या भागात चिखलात चरणारे पक्षी आणि मागे धुरकट हवेत अटल सेतूचे खांब, अशी त्याची रचना आहे. कॅमेऱ्यातून आलेली मूळ प्रतिमा ६००० × ४००० पिक्सेलची आहे. नातेवाइकांना ते मोबाइलवर पाठवले तेव्हा सर्वांनी ‘अप्रतिम’ म्हटले. मोठी लेन्स बाळगणाऱ्या एका सहकाऱ्यांनी सांगितले की पक्षी फार लहान आहेत, चित्र शार्प नाही, सेतू पुसून टाका आणि पुढच्या वेळी पक्षी उडताना टिपा. एका मैत्रिणीने गुलाबी रंग वाढवायला सुचवले. एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी क्षितिज कलल्याचे दाखवले आणि ‘तुम्हाला यात नेमके काय दाखवायचे आहे?’ असे विचारले. मला उत्तर देता आले नाही. हे छायाचित्र एका स्पर्धेच्या निसर्ग विभागात पाठवण्याचा विचार आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमचे छायाचित्र संगणकाच्या मोठ्या पडद्यावर सावकाश पाहिले. मिळालेली मते एका रांगेत मांडून बहुमत कोणाकडे आहे हे पाहू नका, कारण ही मते एका जातीची नाहीत. क्षितिज कलले आहे, हे विधान तपासता येते. ते खरे तरी निघेल किंवा खोटे तरी. पक्षी लहान आहेत, हे पाहणाऱ्याला काय जाणवले त्याचे वर्णन आहे आणि ते त्याच्यापुरते खरेच आहे. सेतू पुसून टाका, हा मात्र थेट उपाय झाला, आणि तो कोणत्या दुखण्यावर आहे हे सहकाऱ्यांनी सांगितलेले नाही. नातेवाइकांचे ‘अप्रतिम’ ही माया आहे. ती आनंदाने घ्यावी, पण चित्र कोठे जमले आणि कोठे फसले हे तिच्यातून कळत नाही. अभिप्राय हाती आला की आधी त्याची जात ओळखावी, म्हणजे त्याला किती वजन द्यायचे हे बरेचसे आपोआप ठरते.

जे तपासता येते ते आधी तपासू. शिवडीला क्षितिजाचा निर्णय दिसतो तेवढा सोपा नाही, कारण तेथून उघड्या समुद्राची सरळ रेषा दिसत नाही. दिसतो तो खाडीचा पलीकडचा, तिरपा जाणारा किनारा आणि आपल्यापासून दूर जाताना लहान होत जाणारा सेतू. या दोन्ही रेषा कॅमेरा अगदी समतल असला तरी चित्रात कललेल्याच येतात. त्यामुळे सेतूचा रस्ता आडवा करण्याच्या नादाने चित्र फिरवले, तर नसलेला दोष निर्माण होईल. भरवसा ठेवायचा तो उभ्या रेषांवर. चौकटीच्या मध्याजवळचा एखादा खांब घ्या आणि त्याच्या पायथ्याशी साचलेल्या पाण्यातले त्याचे प्रतिबिंब पाहा. कॅमेरा सरळ असेल तर दोन्ही एकाच उभ्या रेषेत, चौकटीच्या बाजूला समांतर येतात. तुमच्या चित्रात ती रेषा किंचित डावीकडे झुकली आहे. म्हणजे ज्येष्ठांचा डोळा बरोबर निघाला. दुरुस्ती एखाद्या अंशाची आहे आणि तेवढ्याने कडेचे काही हातचे जात नाही.

शार्पपणाविषयी सहकाऱ्यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यांनी गृहीत धरलेले कारण मला पटत नाही. दूरची वस्तू धूसर येण्याची निदान तीन कारणे असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. हात हलला असेल तर चित्रातली प्रत्येक गोष्ट एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसते. फोकस चुकला असेल तर पक्षी मऊ येतात, पण त्यांच्या पुढचा किंवा मागचा एखादा पट्टा स्वच्छ असतो. तिसरे कारण हवेचे आहे : दिवसभर तापलेल्या चिखलावरून उठणारी गरम हवा प्रकाशाला हलवत राहते, आणि मग जवळचे पक्षी रेखीव, तर दूरचे, विशेषतः त्यांचे पाय, वितळल्यासारखे वाकडे दिसतात. तुमच्या चित्रात हेच झाले आहे. सर्वांत पुढच्या ओळीतल्या पक्ष्यांच्या चोचीचे काळे टोक स्वच्छ आहे, सेतूजवळच्या पक्ष्यांचे पाय नागमोडी झाले आहेत. ही धूसरता संगणकावर शार्पनिंग करून जात नाही, उलट अधिक खरखरीत होते. आणि अधिक लांब पल्ल्याच्या लेन्सनेही जात नाही, कारण तेवढीच हवा मध्ये राहते. यावर इलाज अंतर कमी होण्याचा आहे, आणि शिवडीला ते काम भरती करते. पाणी चढू लागले की चरणारे थवे किनाऱ्याकडे सरकतात, आणि चिखल पूर्ण बुडाला की निघून जातात. भरतीचे वेळापत्रक पाहून पूर्ण भरतीच्या काही तास आधी जेट्टीवर उभे राहणे हे नव्या लेन्सपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. दुपार कलल्यावर जाण्याची तुमची वेळ मात्र अगदी योग्य होती : खाडी पूर्वेला असल्याने तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि प्रकाश सरळ पक्ष्यांवर पडतो.

पक्षी लहान असल्याची तक्रार कोणत्या आकारात चित्र पाहून झाली, हे विचारून घ्या. मोबाइलवरून पाठवताना प्रतिमा साधारणतः आक्रसून जाते आणि तळहाताएवढ्या पडद्यावर अख्खा थवा ठिपक्यांचा होतो. हेच चित्र १८ × १२ इंचांच्या प्रतीवर छापून भिंतीला लावा आणि हातभर अंतरावरून पाहा. ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने तिला ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात आणि तुमच्याकडे तेवढे आहेत. पक्षी मोठे करण्यासाठी चौकट दोन्ही बाजूंनी निम्मी कापली, तर उरतील ३००० × २००० पिक्सेल, आणि त्याच दर्जाची प्रत फार तर दहा इंच रुंद निघेल. शिवाय पक्षी मोठे होताना ती नागमोडीही मोठी होईल. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत छायाचित्रांचे प्रदर्शन असेल तेव्हा जाऊन लोक कोणत्या चित्रासमोर किती जवळ उभे राहतात ते पाहा. चित्राचा आकार हा त्याच्या अर्थाचा भाग असतो, ही गोष्ट तेथे डोळ्यांनी पटते.

आता सेतू. हा तुमच्या पत्राचा खरा गाभा आहे असे मला वाटते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पहिली बाब नियमांची आहे आणि तेथे कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही. आंतरराष्ट्रीय सलॉनमध्ये, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांत, निसर्ग विभागाची जी व्याख्या सर्रास वापरली जाते, तिच्यानुसार चौकट कापण्यास मुभा आहे, पण चित्रातील घटक काढणे, नवे घालणे किंवा जागेवरून हलवणे चालत नाही. सेतू पुसून ते चित्र निसर्ग विभागात पाठवले, तर ते बाद होईल आणि तुमच्या प्रामाणिकपणावर उगाच प्रश्नचिन्ह लागेल. मानवनिर्मित गोष्टींनाही त्या विभागात एरवी जागा नसते. अपवाद एवढाच की ती गोष्ट त्या निसर्गकथेचा अविभाज्य भाग असावी, उदाहरणार्थ माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेले पक्षी. तुमचे चित्र या अपवादात बसू शकते, पण ते चित्रातूनच स्पष्ट दिसावे लागेल. ज्या स्पर्धेत पाठवायचे आहे तिची नियमावली पूर्ण वाचा, आणि शंका राहिली तर खुल्या विभागाचा विचार करा.

दुसरी बाब चित्राची, आणि येथे मी माझे मत स्पष्ट सांगतो : सेतू राहू द्या. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्याच्या सुमारे २१.८ किलोमीटर लांबीपैकी सुमारे १६.५ किलोमीटर पाण्यावरून जातात, आणि मुंबईच्या बाजूला तो सुरू होतो तो नेमका शिवडीला, रोहितांच्या चिखलाला लागून. केवळ रोहितांची छायाचित्रे इतर अनेक पाणथळ जागी मिळतात. एवढ्या मोठ्या सेतूच्या सावलीत माना खाली घालून चरणारे रोहित हे या शहराचे चित्र आहे. मात्र सहकाऱ्यांना सेतू खटकला, हे निरीक्षण फेकून देऊ नका. तो खटकला कारण तो अर्धवट आला आहे : डाव्या कडेला एक खांब मधोमध कापला गेला आहे, आणि बाकीचे पार्श्वभूमीत चुकून राहिल्यासारखे वाटतात. नजर त्या कापलेल्या खांबाशी अडते. सुचवलेला उपाय चुकीचा असला तरी त्यामागची बोच खरी असू शकते. डावीकडून थोडे कापून तो अर्धा खांब बाहेर काढून पाहा. पुढच्या वेळी दोन पावले सरकून खांबांची पूर्ण ओळ घ्या, म्हणजे तेथे सेतू हवाच होता हे कोणाला सांगावे लागणार नाही.

रंग वाढवण्याचा सल्ला मात्र घेऊ नये. रोहितांचा गुलाबी रंग त्यांच्या अन्नातल्या शेवाळांतून व लहान कवचधारी जिवांतून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो, त्यामुळे एकाच थव्यात गडद, फिकट आणि जवळजवळ पांढरे असे सगळे पक्षी असतात. पिल्ले तर राखाडी असतात. तुमच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात असे एक राखाडी पिल्लू आहे, चोच उलटी करून पाणी गाळत असलेले, आणि मला विचाराल तर ती संपूर्ण चौकटीतली सर्वांत जिवंत जागा आहे. रंग वाढवला तर सगळा थवा एका छटेचा होईल, चिखलही जांभळा पडेल, आणि शिवडी पाहिलेला माणूस लगेच ओळखेल. उडत्या थव्याविषयी एवढेच सांगतो की थवा स्वतःहून उडाला तर अवश्य टिपावा. पण त्या हट्टापायी चिखलात उतरून पक्ष्यांना हुसकावणारे लोक तेथे दिसतात, आणि त्यांच्यात आपण जाऊ नये.

राहिला ज्येष्ठांचा प्रश्न. सगळ्यांत अधिक वजन मी त्याला देईन, कारण त्यांनी तुमच्या वतीने उत्तर ठरवले नाही. कटकट न करता एक वाक्य कागदावर लिहा : मी कळ का दाबली? पिल्लासाठी दाबली असेल तर चौकट वेगळी होईल, थव्यासाठी असेल तर वेगळी, पक्षी आणि सेतू यांच्या शेजारासाठी असेल तर त्याहून वेगळी. त्या वाक्याच्या उजेडात बाकीची मते पुन्हा वाचा. जे मत तुमचे म्हणणे अधिक स्पष्ट करते ते घ्या. जे तुमच्या चित्राच्या जागी स्वतःला काढायचे असलेले चित्र मागते, ते आभार मानून बाजूला ठेवा.

पुढे कोणाला चित्र दाखवाल तेव्हा ‘कसे वाटले?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर शिष्टाचारच देतो. ‘नजर आधी कोठे गेली, आणि मग कोठे अडली?’ असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उन्हात किती वेळ उभ्या होतात ते सांगू नका. शक्य असेल तर एकाच दृश्याच्या दोन चौकटी शेजारी ठेवा. निवड करताना माणसे कारणे सांगू लागतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. अशा संस्थांत छापील प्रत हातात घेऊन बोलणारी जाणती माणसे भेटतात. स्पर्धेच्या निकालाकडे मात्र अभिप्राय म्हणून पाहू नका. परीक्षक शेकडो चित्रे पाहतात, प्रत्येकाला थोडा वेळ देऊन गुण देतात आणि कारणे बहुधा लिहीत नाहीत. नाकारलेल्या चित्रात काय खटकले हे त्या गुणांवरून शोधून काढता येत नाही.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीने जुलैत मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटेचे छायाचित्र काढले आणि मला ‘अगदी खरे मत’ मागितले. लाट जोरात उसळलेली आहे, पण चित्र मला फसलेले वाटते. तिचे मन न मोडता काय सांगू? 
— एक विद्यार्थिनी, गिरगाव

उत्तर : ‘फसले’ हा निकाल झाला, आणि तिला त्याचा उपयोग नाही. तुम्हाला काय दिसले ते सांगा. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत पाण्याचे थेंब लांबट रेघांसारखे आले आहेत आणि मागच्या इमारती स्वच्छ आहेत. म्हणजे हात स्थिर होता, शटर मात्र लाटेच्या मानाने सावकाश चालले. थेंब हवेत गोठवायचे असतील तर १/१००० सेकंदाच्या आसपास जावे लागेल आणि पावसाळी उजेडात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवावी लागेल. पाण्याचा प्रवाह दाखवायचा असेल तर ट्रायपॉड लावून याहून बराच सावकाश वेग हवा. तिला यातले काय हवे होते ते विचारा आणि तिचे उत्तर ऐकून मग पुढचे बोला. लाटेच्या माथ्यावर आलेला पिवळा उजेड सुंदर आहे, तेही सांगा, कारण ते खरे आहे.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट विचारा. चित्रात कठड्याची कड कोठेच दिसत नाही आणि खालचे ओले टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे काँक्रीटचे ठोकळे, जवळजवळ पायाशी आले आहेत, त्याअर्थी ती कठड्यावर चढून किंवा त्याच्या पलीकडे उभी राहिली असावी. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, आणि त्या दिवशी लाट पदपथावर येते. तसे असेल तर शटर स्पीडची चर्चा नंतर करा; पुढचे चित्र तिने रस्त्याच्या पलीकडून, लांब लेन्सने काढावे, हे आधी सांगा.