मीटिंगला कोणी ओळखीचं भेटलं तर?

"मॅडम, सोडायचीये हो दारू, ग्रुपलाही जाईन, पण तिथे कोणी ओळखीचं निघालं तर?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की मोजणं सोडून दिलंय. ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमससारखा, जिथे दारू सोडू पाहणारे एकत्र बसून एकमेकांशी बोलतात. आणि हा बहाणा आहे असं मला अजिबात वाटत नाही, ज्याची नोकरी, नाव पणाला लागलंय त्याला ही भीती खरीच असते.

एक शिक्षक माझ्याकडे यायचे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, आपण त्यांना सर म्हणू. रोज रात्री पिणं, आणि सकाळी हात इतके थरथरायचे की फळ्यावर लिहायचं काम मुलांना द्यायचे. ग्रुपचं नाव काढण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा प्लीज, रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करायची नसते. पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भास, गोंधळ सुरू होऊ शकतो, त्यात जीवही जातो. सरांना काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-१ व्हिटॅमिन दिलं, थरथर बरीच कमी झाली, मग आम्ही मीटिंगबद्दल बोललो.

ते म्हणाले, "तिथे माझ्यासारखं कोण येणार?" मी त्यांना अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात सांगितली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन माणसं भेटली, एक शेअर बाजारातला, बिल विल्सन, आणि दुसरा चक्क सर्जन, डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टरही पिणं लपवतच जगत होते, आणि खरे मोकळे झाले ते दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलून. सर गप्प बसले, मग म्हणाले, पत्ता द्या.

इथे माझं चुकलं. मी पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला आणि माझं काम झालं असं समजले. पुढच्या वेळी सर आले ते मान खाली घालून, गेले होते, गेटसमोर गाडी लावून वीस मिनिटं हेल्मेट न काढता उभे राहिले, आतून हसण्याचा आवाज आला आणि परत फिरले.

मग त्यांच्यासमोरच, त्यांना विचारून, ग्रुपच्या नंबरवर फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडच्या माणसाने नावसुद्धा विचारलं नाही, म्हणाला दहा मिनिटं आधी या, मी दारातच थांबतो. तेव्हापासून मी नुसता पत्ता कोणालाच देत नाही.

आणि झालं तेच ज्याची भीती होती, आत गेले तर समोर त्यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील! सर सांगत होते की घशाला कोरड पडली, आता उद्या शाळाभर होणार असं वाटलं. तो माणूस जवळ आला आणि फक्त एवढंच म्हणाला, "सर, त्या चार खुर्च्या जरा इकडे घेता का?" शाळेचा विषय नाही, तुम्ही इथे कसे हे नाही. खुर्ची उचलताना हात थोडा थरथरत होताच पण खुर्ची धरली की थरथर दिसत नाही, हे त्या माणसाला माहीत असणार असं सरांना अजूनही वाटतं. जो तुम्हाला तिथे बघतो तो स्वतःही तिथेच बसलेला असतो ना, त्यालाही तुमच्याइतकंच सांभाळायचं असतं. बाहेर गोष्ट फुटणारच नाही अशी लेखी गॅरंटी कोणी देऊ शकत नाही, पण तिथे जे ऐकलं ते तिथेच ठेवायचं हा नियम लोक मनापासून पाळतात. आणि खरं सांगू का, सरांच्या तोंडाचा वास स्टाफरूममध्ये कधीच पोचला होता, लपलेलं असं फार काही उरलं नव्हतं.

पहिल्या मीटिंगला बोलावं लागत नाही, "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. फी नाही, खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते, ओपनला घरचेही येऊ शकतात, तेव्हा जायच्या आधी कोणती आहे ते विचारून घ्या. देवाच्या उल्लेखाने सर पहिल्यांदा अवघडले, बरेच जण अवघडतात, तिथे "आपल्याला समजेल तसा" असंच म्हणतात पण ते नाहीच पटलं तर १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरीसारखे वेगळ्या पद्धतीचे, ऑनलाइनही चालणारे ग्रुप आहेत. एक ग्रुप नाही जमला म्हणून सगळेच वाईट असं करू नका, निदान तीनचार ठिकाणी बसून बघा, सरांनाही दुसऱ्या वारचा ग्रुप जास्त रुचला. वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, अल-अनॉनला जायला लागल्या, ते १९५१ पासून पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच आहे.

तिसऱ्या महिन्यात सरांची स्लिप झाली, दोन दिवस प्याले. मीटिंगला जायची लाज वाटत होती, तर त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीच फोन केला, ओरडले नाहीत, संध्याकाळी न्यायला आले. दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागले.

आता सात महिने झालेत. तो आकडा ते तिकडे सांगतात, माझ्याकडे महिन्यातून एकदा येतात, झोप अजून नीट लागत नाही त्याबद्दल बोलायला.