वाचकांचे प्रश्न : गुण मुलाचे किती आणि घराचे किती?

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या वर्गात बागायतदारांची मुले आहेत, शेतमजुरांची आहेत आणि कारखाने सुरू झाले की ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली काही मुलेही हंगामापुरती बसतात. पुस्तक एकच, शिक्षकही एकच, तरी वरचे क्रमांक बहुधा ठरावीक घरांतच जातात. सहकारी म्हणतात, “गरिबी हे निमित्त आहे, गरिबाघरची मुलेही अधिकारी झालीच की.” याबद्दल आपले मत काय, आणि शिक्षकाच्या हातात नेमके काय आहे?

उत्तर : गुरुजी, गरिबाघरची मुले अधिकारी होतात हे खरेच आहे, पण गावात सत्कार होतो तो अशा एकाचा, आणि त्याच्याच बाकावर बसून पुढे नववी-दहावीत शाळा सोडलेल्या मुलांची नावे त्या व्यासपीठावर कोणी घेत नाही. एकाच्या उदाहरणावरून बाकीच्यांची परीक्षा करणे हा आपल्याकडचा जुना अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या गटाने 1966 साली सुमारे 4,000 शाळांतील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा मुलांच्या यशापयशाचा संबंध शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक असल्याचे दिसले. त्या अहवालावर पुढे पुष्कळ वाद झाले, चांगल्या शिक्षकाने पडणारा फरक त्यात कमी लेखला गेला अशी टीकाही झाली. परंतु घराचा वाटा मोठा असतो, हे कोणी खोडून काढलेले नाही.

हा वाटा गुणपत्रिकेत शिरतो कसा, हे पाहण्यासाठी आपण देतो तो साधा प्रकल्पच घ्या. ‘जलचक्राची प्रतिकृती करून आणा’ असे सांगितले की एका घरी वडील त्याच संध्याकाळी थर्माकोल, रंग आणि डिंक आणतात आणि आई जेवणे आटोपल्यावर कापून-चिकटवून देते. दुसऱ्या घरी, म्हणजे कारखान्याच्या अड्ड्यावरच्या कोपीत (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत), आईवडील पहाटेच फडात गेलेले असतात, धाकट्या भावाला सांभाळून, पाणी भरून मुलगी शाळेत येते आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने ढग काढून आणते. सोमवारी दोन्ही कामे टेबलावर येतात आणि आपण दहापैकी नऊ आणि दहापैकी चार असे गुण देऊन मोकळे होतो. तीच मुलगी संध्याकाळी वाढ्याच्या, म्हणजे चाऱ्यासाठीच्या उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकताना सुट्या पैशांचा हिशेब तोंडी आणि बिनचूक करते, पण फळ्यावरच्या भागाकाराला अडते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच आढळले, आणि विशेष म्हणजे फक्त शाळेत शिकणारी मुले त्या बाजारी हिशेबात अडखळली. त्यांचा हा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला.

टंचाईचा डोक्यावर होणारा परिणाम तर आपल्या उसाच्या पट्ट्यात कोणालाही पटावा. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांच्या बौद्धिक चाचण्या तोडणीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि तोडणी होऊन पैसे मिळाल्यानंतर घेण्यात आल्या. तोडणीपूर्वी त्याच शेतकऱ्यांची कामगिरी स्पष्टपणे कमी भरली (2013). कर्त्या माणसाचे हे होत असेल, तर मुकादमाच्या उचलीची, म्हणजे कामाआधीच घेतलेल्या आगाऊ रकमेची, चिंता रोज कानांवर पडणाऱ्या मुलाचे चित्त पाढ्यांत लागत नाही, याचे नवल वाटू नये.

दुसरा एक प्रयोग शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. उत्तर प्रदेशात संशोधक कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी सहावी-सातवीच्या मुलग्यांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नसताना उच्चवर्णीय आणि दलित मुलांत फरक दिसला नाही. प्रत्येकाची जात सर्वांसमोर उच्चारल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी घसरली. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या आणि मोफत गणवेशाच्या याद्या भर वर्गात मोठ्याने वाचल्या जातात, त्या आधी बंद कराव्यात. त्याला ना निधी लागतो ना परिपत्रक.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार पूर्वी ओळखले होते. 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर 1924 साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि निरनिराळ्या जातींची मुले एकत्र ठेवली. ज्याच्या घरी अन्न, दिवा आणि बसायला जागा नाही त्याला नुसती शाळा उघडून देणे पुरेसे नाही, हे जाणून त्यांनी घराने न दिलेल्या गोष्टी संस्थेकडून दिल्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने त्यात घातले. एका शिक्षकाला बोर्डिंग काढता येणार नाही, परंतु गृहपाठ शेवटच्या तासाला शाळेतच करून घेता येतो आणि प्रकल्पही शाळेच्याच साहित्यातून, शाळेतच करवता येतो. हंगामी मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना वाचता काय येते, हिशेब काय येतो हे पाहून रोज थोडा वेळ वेगळे शिकवावे. मुंबई आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या मुलांना असे शिकवल्यावर त्यांच्यात सुधारणा झाल्याचे मोजून दाखवले गेले आहे.

जे शिक्षकाच्या हातात नाही, तेही सांगायला हवे. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांपुरता आहे, आणि पोषण आहार व मोफत पुस्तके आठवीला थांबतात. मूल कमावण्याच्या वयाला पोचते नेमके त्याच वर्षी शाळेचा खर्च घरावर पडतो, आणि याचा दोष पालकांच्या ‘अनास्थे’ला देणे मला मान्य नाही.

प्रश्न : आम्ही तासगाव भागात द्राक्षबागेत मजुरी करतो. मुलगी अनुदानित शाळेत आठवीत हुशार आहे. पुढच्या शिक्षणासाठी काही मदत मिळेल का?

उत्तर : ताई, तिला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला, म्हणजे एनएमएमएसला, अवश्य बसवा. ही परीक्षा आठवीतच देता येते. सातवीला किमान 55 टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मुलीच्या बँक खात्यात जमा होतात, मात्र दहावीला 60 टक्के पडले तरच पुढे चालू राहतात. अनुसूचित जाती-जमातींना गुणांत पाच टक्के सवलत आहे. उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले खाते या दोन्ही गोष्टी छाटणीची घाई सुरू होण्याआधीच उरकून घ्याव्यात आणि अर्ज शाळेमार्फतच भरला जात असल्याने मुख्याध्यापकांना आतापासून सांगून ठेवावे.