स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू करण्यापूर्वी सर्वात आधी काय तपासावं?

सर्वात आधी खेळतं भांडवल (रोजचा धंदा चालवायला हाताशी लागणारा पैसा) किती लागेल ते तपासा, कारण कागदावर नफा दिसणारे धंदेही हातातली रोकड संपली की बंद पडतात. समजा, माल आणल्यावर 15 दिवसांत पैसे चुकवायचे आहेत आणि गिऱ्हाईक विक्रीनंतर 45 दिवसांनी देणार आहे. तर मधले 30 दिवस तुम्हालाच रेटायचे. माल पडून राहील ते दिवस वेगळे. विक्री वाढली की ही गरजही वाढते, आणि नवखे नेमके इथेच अडकतात.

मग किमान विक्री काढा: महिन्याचा ठरलेला खर्च (भाडं, पगार, हप्ते, आणि स्वतःचा घरखर्चसुद्धा) भागिले एका नगामागे सुटणारी रक्कम (विक्रीची किंमत वजा त्या नगावरचा खर्च). खर्च 30,000 आणि नगामागे 50 सुटत असतील तर महिन्याला 600 नग, म्हणजे 25 दिवस रोज 24. एवढे खपतील का, हे भाडेकरारावर सही करण्याआधी थोडा माल विकून पाहा. सूट देताना जपा: 100 ला पडलेल्या वस्तूवर 25 टक्के चढवून 20 टक्के सूट दिली की हाती पुन्हा 100च. परवाने, कर यांची चौकशी आधीच करा.

सेवा व्यवसायात फारसा साठा नसल्याने भांडवल सहसा कमी लागतं. उधारी मात्र तिथेही तुंबते, म्हणून काही रक्कम आगाऊ घ्या.