बडोद्याचं जुनं शहर फोनवरची ऑडिओ टूर ऐकत एकट्याने फिरता येईल का? की काही राहून जाईल म्हणून गाईड घ्यावा?

गाईड नको. लहरीपुरा दरवाजातून आत शिरा, सरळ मांडवी, तिथून पाणीगेट. चार दिशांना चार दरवाजे आणि मधोमध मांडवी, म्हणजे चौकातला जुना कमानींचा मंडप, चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही. राहून काय जाईल, ते मात्र जरा लांबून सांगते.

आमचं घर दांडिया बाजारात होतं. आई गेल्यावर थोरल्या भावाने ते विकायला लावलं. तो पुण्याला असतो. "त्या गल्लीत आता आहे काय?" हे त्याचं वाक्य मला अकरा वर्षं टोचतंय. गेल्या दिवाळीत तो आला, तेव्हा मीच त्याच्या फोनवर एक टूर घालून दिली आणि बरोबर निघाले.

दादाने दोन्ही कानांत इअरफोन खुपसले. न्यायमंदिराची माहिती छान होती, १८९६ची इमारत, महाराणी चिमणाबाईंचं नाव, सगळं त्याने थांबून ऐकलं. पुढे पोळांच्या, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांच्या, गर्दीत फोनला जागाच कळेना. आम्ही मांडवीच्या कमानीखाली आणि त्याच्या कानात अजून मागे राहिलेला सूरसागर तलाव! मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवतोय तेही त्याला ऐकू आलं नाही, मी दंडाला धरून बाजूला ओढलं. टूर संपली, इअरफोन काढले आणि म्हणाला, "झालं बडोदं."

मी रिक्षा केली आणि त्याला तांबेकर वाड्यात नेलं. भाऊ तांबेकर १९व्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा. वरच्या खोलीत भिंतीभर चित्रं आहेत: कृष्णलीला, महाभारतातले प्रसंग, इंग्रज-मराठ्यांची लढाईसुद्धा. दादाने चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर जाऊन उभा राहिला. एका जागी रंग उडून आतला चुना दिसत होता, तिथेच बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "आपल्या घरापासून हे किती लांब?" पाच मिनिटं, मी म्हटलं. आम्ही दोघं शाळेला याच वाड्यावरून जायचो. आई सांगायची, आत चित्रं आहेत, जाऊन या. कधी गेलो नाही.

त्या टूरमध्ये वाड्याचा उल्लेखही नव्हता. म्हणून सांगते, टूर ऐका, पण एकाच कानाने. मांडवीला रेकॉर्डिंग बंद करून मान वर करा, दुकानांच्या पाट्यांच्या वर अजून कोरीव लाकडी सज्जे दिसतात. तिथलं मध्यवर्ती ग्रंथालयही बघा. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ते उभं केलं. पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. लक्ष्मी विलास राजवाडा त्याच दिवशी उरकू नका. त्याच्या तिकिटात ऑडिओ मिळतो, त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा. राजवाडा म्हणजेच बडोदं असं समजणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, थेट वाड्यात नेते.

हां, राजवाडा सोमवारी बंद असतो. तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, डागडुजी चालू असेल तर आत सोडत नाहीत, आधी चौकशी करा. जुन्या शहरात सकाळी लवकर गेलात तर चालायला जागा मिळेल, पण तेव्हा वाडा उघडलेला नसतो, म्हणून तो शेवटी ठेवा. आणि सूरसागरच्या बाजूला सेव-उसळ खाल्ल्याशिवाय परतू नका.

दादा अजून म्हणतो, घर विकण्याचा आणि वाड्याचा काय संबंध? आहे संबंध. जिथे आईच्या हाकेच्या अंतरावरून पायी जाता येत होतं, तिथे आता मला मांजलपूरच्या घरून रिक्षा करून जावं लागतं.