'स्टँडर्ड' गाणं म्हणजे कोणतं गाणं?

एका वाचकाने विचारलंय: "एला फिट्झजेराल्ड या अमेरिकन जॅझ गायिकेच्या जुन्या रेकॉर्डींवर मराठीत लेख लिहितोय. तिने 'स्टँडर्ड्स' गायली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. कोशात प्रमाण, मानक, दर्जा असे अर्थ दिलेत. 'प्रमाण गीते' लिहिलं तर कानाला खटकतं. 'अभिजात गीते' लिहू, की 'सदाबहार गाणी'?"

माझं मत विचाराल तर तिन्ही नकोत. 'स्टँडर्ड' हाच शब्द ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात त्याचा अर्थ सांगून टाका. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण हा शब्द गाण्याच्या दर्जाबद्दल बोलतच नाही.

ही गाणी आली कुठून ते आधी पाहू. साधारण १९२० ते १९५० या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची संगीत नाटकं आणि हॉलिवूडचे बोलपट यांच्यासाठी कोल पोर्टर, जॉर्ज गर्श्विन, अर्विंग बर्लिन, जेरोम कर्न, रिचर्ड रॉजर्स ही मंडळी गाणी बांधत होती. नाटक काही महिने चालायचं, उतरायचं, विसरलं जायचं. त्यातलं एखादं गाणं मात्र वादकांनी उचललेलं असायचं. 'हाउ हाय द मून' हे त्याचं चांगलं उदाहरण. मॉर्गन लुईसने चाल दिलेलं हे गाणं १९४० मध्ये 'टू फॉर द शो' नावाच्या रंगमंचीय कार्यक्रमात आलं. तो कार्यक्रम आज फक्त अभ्यासकांना ठाऊक आहे, गाणं मात्र जगभरच्या जॅझवाल्यांना पाठ आहे. त्याच्या स्वरसंगतीवर (म्हणजे चालीखाली वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या ठरलेल्या साखळीवर) जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या काळात 'ऑर्निथॉलॉजी' नावाची दुसरी चालही बांधली गेली, आणि तीही पुढे सर्वांच्या वाजवण्यात रुळली.

या गाण्यांचा सांगाडा बहुधा ठरलेला असतो. आठ-आठ मापांचे (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा तुकडा, इंग्रजीत 'बार') चार तुकडे, एकूण बत्तीस मापं: पहिला तुकडा, तोच पुन्हा, मग वेगळ्या वळणाचा तिसरा, आणि शेवटी परत पहिला. अपवादही आहेत. कोल पोर्टरचं 'बिगिन द बिगीन' तर चांगलं १०८ मापांचं आहे. पण बत्तीस मापांचं ते आवर्तन अंगात भिनलं की एकमेकांना कधीही न भेटलेले चार वादक तालमीशिवाय एकत्र वाजवू शकतात. गाण्याचं नाव आणि पट्टी सांगितली की पुरे. एकदा मूळ चाल वाजवायची, मग त्याच स्वरसंगतीवर एकेकाने आपापला विस्तार करायचा, शेवटी पुन्हा चालीवर यायचं. ज्या गाण्याबाबत हे शक्य होतं, म्हणजे जे सर्वांना येतं असं गृहीत धरलं जातं, ते स्टँडर्ड. चांगलं गाणं असूनही स्टँडर्ड न झालेली गाणी पुष्कळ आहेत, आणि शब्दांच्या बाबतीत अगदी साधारण असून स्टँडर्ड झालेलीही आहेत.

एलाच्या गाण्यात हे फार स्पष्ट दिसतं. १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनमध्ये तिची मैफल झाली. तिची रेकॉर्ड निघाली आणि ती सहज ऐकायला मिळते. तिथे 'हाउ हाय द मून' ती आधी जवळपास सरळ गाते. मग लय वाढते, आणि ती तिथल्या तिथे नवे शब्द रचून सांगते की शब्द चुकत असतील, पण तुम्ही मागितलंत म्हणून हे गातोय. त्यानंतर निरर्थक अक्षरांचा झपाटा सुरू होतो (जॅझमध्ये याला स्कॅट म्हणतात) आणि त्यात ती दुसऱ्या कितीतरी गाण्यांचे तुकडे गुंफत जाते. त्यात 'ऑर्निथॉलॉजी'ही येते. शेवटाकडे जेरोम कर्नच्या 'स्मोक गेट्स इन युअर आइज'ची ओळ येते, आणि डोळ्यांत जाणाऱ्या धुराच्या जागी एला स्वतःच्या डोळ्यांत जाणारा घाम घालते. लोकांना हे भिडतं, कारण धुराची ओळ त्यांच्या कानात आधीपासून आहे.

त्याच मैफलीत 'मॅक द नाइफ' गाताना ती मध्येच शब्द विसरली. मग बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी हे गाणं आधी गाजवलं होतं त्याचा उल्लेख करत, आपण या गाण्याची वाट लावतोय असं यमकात सांगत, लय तसूभरही न सोडता तिने गाणं पूर्ण केलं. हे ध्वनिमुद्रण पुढे ग्रॅमी पारितोषिकाचं मानकरी ठरलं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की शब्द गेले तरी गाणं कुठेही गेलं नाही. श्रोत्यांना चाल येत होती, वादकांना स्वरसंगती येत होती, एलाला दोन्ही येत होतं. (गंमत म्हणजे हे गाणं मुळात जर्मन. १९२८ मध्ये बर्लिनच्याच रंगभूमीवर ते पहिल्यांदा गायलं गेलं, चाल कुर्ट वाइलची.)

याच्या उलट टोकाला तिची 'साँगबुक' मालिका आहे. नॉर्मन ग्रँझने काढलेल्या व्हर्व्ह या रेकॉर्ड कंपनीसाठी १९५६ ते १९६४ या काळात तिने एकेका रचनाकाराला वाहिलेले संच ध्वनिमुद्रित केले. सुरुवात कोल पोर्टरपासून, शेवट जॉनी मर्सरवर. मर्सर हा या मालिकेतला एकटाच असा, ज्याची निवड गीतकार म्हणून झाली. जॉर्ज आणि आयरा गर्श्विन यांच्या १९५९ च्या संचाचं वाद्यवृंद संयोजन नेल्सन रिडलचं, आणि त्यात पन्नासहून अधिक गाणी. ड्यूक एलिंग्टनच्या संचात तर खुद्द एलिंग्टन आपल्या वाद्यवृंदासह आहे. या संचांत एला बहुतेक वेळा चालीला फारसा धक्का लावत नाही. नाटकातल्या गाण्याआधी एक प्रास्ताविक कडवं असायचं, ते जॅझवाले सहसा गाळतात. एला ते पुष्कळदा गाते. ही गाणी आज 'स्टँडर्ड्स' म्हणून एका गठ्ठ्यात ओळखली जातात, त्याचं बरंच श्रेय या मालिकेला द्यायला हवं असं मला वाटतं. लेखात 'साँगबुक' तसंच राहू द्या. 'गीतसंग्रह' लिहिलंत तर वाचकाला कवितेचं पुस्तक वाटेल.

आता तुमचे पर्याय. 'प्रमाण' आणि 'स्टँडर्ड' दोन्हींमध्ये मापाचा अर्थ आहे, त्यामुळे कोशकारांचं चुकलेलं नाही. पण मराठीत 'प्रमाण' म्हटलं की अधिकृत, शुद्ध, बाकीचं त्याच्याशी ताडून पाहायचं असं मनात येतं. प्रमाणभाषा, प्रमाणलेखन, प्रमाणवेळ पाहा. स्टँडर्डाचं असं एक अधिकृत रूप नसतं. बर्लिनमधलं 'हाउ हाय द मून' कशाशी ताडून पाहणार? 'अभिजात' आणि 'सदाबहार' हे कौतुकाचे शब्द आहेत. जाहिरातीत ते शोभतात, पण वादक जेव्हा "एखादं स्टँडर्ड वाजवू" म्हणतो तेव्हा तो कौतुक करत नसतो.

अर्थाने सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द 'चीज' आहे. "गुरुजींनी यमनमधली चीज दिली" म्हणताना चीज सर्वांच्या मालकीची असते, आणि गवई तिच्यावर आपली बढत करतो. पण चीज म्हटली की राग आला, ताल आला, घराणं आलं. कोल पोर्टरच्या गाण्याला चीज म्हणणं मला ओढूनताणून केल्यासारखं वाटतं. प्रवासाच्या दृष्टीने मात्र नाट्यपद अगदी सख्खं आहे: नाटक मागे पडलं, पद मैफलीत आलं. १९११ च्या 'मानापमान'ची पदं ते नाटक रंगमंचावर न पाहिलेल्या पिढ्यांनी ऐकली आणि गायली. तुमच्या वाचकाला समजावायला हा दाखला द्याच.

'कव्हर' हा शब्दही टाळा. कव्हरच्या मागे एक मूळ ध्वनिमुद्रण असतं, अमक्याचं गाणं तमक्याने गायलं असं. स्टँडर्डाला रचनाकार असतो, पहिल्यांदा गाणारा नट किंवा नटीही असते, पण ते त्यांचं म्हणून कुणी मोजत नाही. "मूळ गायिका कोण?" हा प्रश्न तिथे फारसा लागू पडत नाही.

आणखी एक बारकावा. 'जॅझ स्टँडर्ड' म्हणताना थेलोनियस मंकचं 'राउंड मिडनाइट' किंवा बिली स्ट्रेहॉर्नचं 'टेक द ए ट्रेन' अशा जॅझवाल्यांनीच बांधलेल्या रचनाही त्यात येतात. तुम्ही फक्त ब्रॉडवे-हॉलिवूडच्या गाण्यांबद्दल लिहीत असाल तर नुसतं 'स्टँडर्ड' लिहा, किंवा 'लोकप्रिय गाण्यांमधली स्टँडर्ड्स' असं लिहा.

मुंबईला असं संगीत परकं नव्हतं, हेही लेखात यायला हरकत नाही. १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात जॅझचे वाद्यवृंद वाजत. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले गोव्याचे वादक या संगीतात तरबेज होते, आणि त्यांच्यातलेच अनेक जण पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. आल्डोनाचा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, त्यांतला ठळक.

राहिलं व्याकरण. लिंग नपुंसक ठेवा. "त्याचं स्टँडर्ड घसरलं" असं आपण बोलतोच, शिवाय 'गाणं'ही नपुंसकच. अनेकवचन 'स्टँडर्ड्स' चालेल. पण बटण-बटणं, तिकीट-तिकिटं या चालीवर 'स्टँडर्डं' लिहिलंत तर मला जास्त आवडेल, कारण पुढे 'स्टँडर्डांची', 'स्टँडर्डांमध्ये' ही रूपं आपोआप नीट बसतात. 'स्टँडर्ड्सची', 'स्टँडर्ड्समध्ये' वाचताना जीभ अडखळते.