मोठ्या माणसाचे यकृत एक वर्षाच्या बाळाला बसवता येते का?

होय, बसवता येते. मात्र पूर्ण यकृत नव्हे, तर त्याच्या डाव्या बाजूचा साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढा तुकडा. हा भाग स्वतःच्या रक्तवाहिन्या व पित्तनलिकेसह वेगळा काढता येतो, बाळाच्या वाढीबरोबर तोही वाढतो आणि दात्याचे उरलेले यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते. आईच्या यकृताचा भाग मुलाला बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे झाली. तथापि, एवढ्या लहान बाळाची यकृताकडे जाणारी धमनी जेमतेम काही मिलिमीटर रुंद असल्याने सुरुवातीच्या दिवसांत तिच्यात गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. म्हणूनच डॉपलर सोनोग्राफी (रक्तवाहिनीतील रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) वारंवार करणारे, बालप्रत्यारोपणाचा अनुभव असलेले रुग्णालयच निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन.